तंजावरची रणकाव्ये

शिवकालीन रणसंग्रामांची दोन समकालीन संस्कृत काव्ये तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील हस्तलिखितांतून अभ्यासकांच्या हाती आली, हा इतिहासातील विलक्षण योग होय. जयराम पिंड्ये यांचे ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ आणि कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’ ही ती काव्ये. सदाशिव महादेव दिवेकर यांनी ती अनुक्रमे १९२३ व १९२७ साली प्रसिद्ध केली. जयरामाने १६७३ मधील पन्हाळ्याचा विजय वर्णिला. परमानंदाचे काव्य मात्र बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभीच खंडित होते.

दोन्ही कवी भोसल्यांच्या दरबाराशी निगडित पंडित. त्यामुळे त्यांच्या काव्यांत युद्ध येते ते नायकाच्या पराक्रमाच्या रूपाने. १९१५ साली गॅलिपोलीत लढलेल्या लिऑन गेलर्ट या ऑस्ट्रेलियन कवीने युद्धानुभवाची कविता स्वतःच लिहिली व १९१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पन्हाळ्याचा कडा रात्री चढून गेलेल्या मावळ्याला अशी लेखणी लाभली नाही. त्याचे भय, त्याचा थकवा, घरची ओढ पंडितांच्या श्लोकांत क्वचितच उमटते. म्हणून ही काव्ये इतिहासाची साधने म्हणून अमोल मानतानाच, त्यांत कोण बोलतो आणि कोण मूक राहतो, हेही अभ्यासकाने विचारले पाहिजे.