दरवानाची जुनी यादी

या वीकेंडला जरा रुक्ष विषय आहे. डेबियनमधलं लिबसेककॉम्प नावाचं पॅकेज. नाव कुणी ऐकलेलं नसतं, पण बिघडलं की घड्याळंसुद्धा वेडी होतात!

प्रोग्रॅमला फाइल उघडायची असो की वेळ विचारायची असो, कर्नलला विनंती करावी लागते. हाच सिस्टिम कॉल. २००५ साली आंद्रेआ आर्कांजेलीने लिनक्समध्ये सेककॉम्प आणलं, तेव्हा फक्त चार कॉलना परवानगी होती. बाकी काही केलं की प्रोग्रॅम खलास. इतकं कडक प्रकरण वापरणार कोण? २०१२ मध्ये विल ड्र्यूरीच्या कामामुळे लिनक्स ३.५ मध्ये आपापली यादी करायची सोय आली. पण कर्नल ओळखतो नंबर, आणि नंबर प्रोसेसरगणिक वेगळे. 'राइट' हा कॉल ६४ बिट इंटेलवर १, ३२ बिट एआरएमवर ४, ६४ बिट एआरएमवर ६४. म्हणून पॉल मूरने त्याच वर्षी लिबसेककॉम्प काढलं. तुम्ही नाव लिहा, नंबर ती शोधेल.

म्हणजे ही लायब्ररी मुळात एक शब्दकोश आहे. आणि डेबियन स्टेबलचा नियम असा की एकदा रिलीज झालं की आवृत्ती गोठली, नंतर फक्त दुरुस्त्या. २०१९ च्या 'बस्टर'मध्ये २.३.३ गोठली.

इकडे २०३८ साली ३२ बिटचं घड्याळ संपणार, म्हणून २०१९ मध्येच लिनक्स ५.१ ने वेळेचे नवे कॉल आणले. जानेवारी २०२१ मध्ये अल्पाइन ३.१३ ते वापरू लागलं. आणि बस्टरवर चालणाऱ्या रास्पबेरी पायवर डॉकर कंटेनर भलत्याच तारखा दाखवू लागले! डॉकर नवं असलं, त्याच्या यादीत नवं नाव असलं, तरी जुन्या लायब्ररीला ते कळत नव्हतं, म्हणून ते गुपचूप गळायचं.

आमच्या भाषेत सांगतो. दरवानाच्या यादीत 'उस्मानाबाद' आहे आणि पाहुणा म्हणतो 'धाराशिव'. दरवान "असं गाव नाही" म्हणाला असता तर पाहुण्याने जुनं नाव सांगितलं असतं. पण तो म्हणाला, "परवानगी नाही". पाहुणा परत! तांत्रिक भाषेत, 'ईनोसिस'ऐवजी 'ईपर्म'. नवा कॉल नसेल तर जुना वापरायचा, ही सोय अल्पाइनच्या सी लायब्ररीत होती, पण ती 'ईनोसिस' मिळाल्यावरच चालायची.

उपाय साधा निघाला. डेबियनच्या बॅकपोर्ट्समध्ये २.४.४ तयार होती, ती टाकली की झालं. नव्या आवृत्तीचं पॅकेज जुन्या रिलीजसाठी पुन्हा बांधून ठेवायचं, हे काम कुणाच्या रेझ्युमेत चमकत नाही. पण मला विचाराल तर कर्नलमधल्या हुशारीइतकंच मोलाचं. (आमच्या ऑफिसात याला 'नुसतं व्हर्जन बदलणं' म्हणतात. असो.)

पुढे २०२१ मध्येच कंटेनर चालवणाऱ्या रनसीने यादीपेक्षा नव्या कॉलना 'ईनोसिस' म्हणायला सुरुवात केली. आणि २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट एआरएमची घड्याळं ६४ बिट झाली. आय३८६ तेवढं जुन्याच घड्याळावर ठेवलंय :)