बोटीवरची पंगत

"ते सगळं ठीक आहे रे, पण बोटीवर जेवायचं काय?"

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे हॅम्बुर्गला आले होते. त्यांना सरप्राइज म्हणून मी कीलहून नॉर्वेला जाणाऱ्या सात दिवसांच्या क्रूझचं बुकिंग केलं होतं. फ्योर्ड, धबधबे, रात्री अकरा वाजताही न मावळणारा सूर्य, असं सगळं रंगवून सांगून झाल्यावर आईचा हा एकच प्रश्न आला. बुकिंगच्या फॉर्मवर 'शाकाहारी'च्या चौकोनात मी खूण केलेली होती. पण चौकोनातल्या खुणेवर विश्वास ठेवेल ती आई कसली! तिच्या बॅगेत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग यांची सीलबंद पाकिटं रवाना झाली.

आम्ही हसलो. पण परत आल्यावर हॅम्बुर्गच्या बंदराबद्दल थोडं वाचन करू लागलो तेव्हा लक्षात आलं, की आईचा प्रश्न फार जुना आहे. समुद्र ओलांडणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला तो पडला, आणि गंमत म्हणजे ज्या माणसाने क्रूझचा धंदा उभा केला, त्या जर्मन माणसालाही तो सोडवावा लागला. त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात पुण्यापासूनच करू. ऑक्टोबर १८९०. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले अशी नावं त्यात होती. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला. पुढे उपस्थितांची यादी वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात मोठं वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं सांगितली गेली. हा सगळा खेळ रचणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे यजमान. आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या भाषणात त्यांनी बजावलं होतं, की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. आज आपल्याला वाटतं, अठरा वर्षांच्या मुलीने एवढं जाहीर कशाला करायचं? पण त्या काळी 'परदेशात काय शिकलीस' याच्या आधी 'बोटीवर काय खाल्लंस, कुणाच्या हातचं खाल्लंस' हे विचारलं जाई.

गांधीजींचंही तेच. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून 'क्लाइड' बोटीने इंग्लंडला निघाले. जातीने आधीच बहिष्कार घातला होता. काट्या-चमच्याची सवय नाही, कशात मांस आहे हे वेटरला विचारायचा धीर नाही. मग टेबलावर न जाता केबिनमध्येच बसून घरून आणलेली मिठाई आणि फळं खाल्ली, असं त्यांनीच आत्मकथेत लिहिलं आहे. (आईला हे सांगितल्यावर तिने भडंगाच्या पाकिटाकडे अभिमानाने पाहिलं!) १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परत आल्यावर भावाने त्यांना आधी नाशिकला नेलं, गोदावरीत स्नान घडवलं आणि मग राजकोटला जातभोजन दिलं. पंगतीत परत यायचं तर नदीतून यावं लागे!

पैसा असेल तर मात्र अख्खी बोटच सोवळ्यात नेता येई. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी जयपूरच्या महाराजा माधोसिंगांनी 'ऑलिम्पिया' नावाची नवीकोरी बोट पूर्ण भाड्याने घेतली आणि चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजल बरोबर नेलं. त्या घागरी जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये आजही पाहायला मिळतात.

आता त्याच काळातल्या हॅम्बुर्गला येऊ. पंचहौदच्या चहाला जेमतेम तीन महिने झाले होते. २२ जानेवारी १८९१ रोजी कुक्सहाफेनहून 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' ही बोट २४१ प्रवासी घेऊन निघाली. इजिप्त, पॅलेस्टाइन, कॉन्स्टँटिनोपल असा भूमध्य समुद्राचा फेरफटका मारून ती दोन महिन्यांनी परत आली. कुठे पोचायचं म्हणून नाही, तर निव्वळ मौजेसाठी केलेला हा बोटीचा प्रवास. जगातली पहिली क्रूझ म्हणून हिचंच नाव घेतात. इंग्रज अर्थात म्हणतात की आमच्या पी अँड ओ कंपनीने १८४४ मध्येच अशा सहली काढल्या होत्या. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ.

ही कल्पना अल्बर्ट बालिनची. हापाग कंपनीचा प्रवासी विभाग त्याच्याकडे होता. हिवाळ्यात वादळी अटलांटिकवर प्रवासी मिळत नसत आणि महागड्या बोटी धक्क्याला नुसत्या उभ्या राहत. कोटीकोटींची यंत्रणा रिकामी पडली की कुठल्याही मॅनेजरची झोप उडते, हे आम्हा आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको! बालिनने त्या बोटी दक्षिणेच्या उन्हात पाठवल्या. सहकाऱ्यांनी चेष्टा केली, पण तो स्वतः पत्नीसह पहिल्या सफरीवर गेला आणि सफर यशस्वी झाली. पुढे १९०० मध्ये त्याने खास क्रूझसाठीच 'प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईसे' ही बोट बांधून घेतली. तिच्यात फक्त पहिला वर्ग होता. १९०६ च्या डिसेंबरात ती जमैकाजवळ खडकावर चढली. प्रवासी वाचले, बोट मात्र गेली.

जेवणाच्या बाबतीतही बालिनने क्रांती केली. तोवर बोटीवर शाळेच्या वसतिगृहासारखी पद्धत असे. ठरलेली वेळ, ठरलेली खुर्ची (तीही जमिनीला स्क्रूने बसवलेली), ठरलेले पदार्थ. बोट हलू लागली की ताटं घसरू नयेत म्हणून टेबलाला लाकडी कठडे लावत. १९०५ मध्ये 'अमेरिका' या बोटीवर बालिनने रिट्झ-कार्लटनचं रेस्टॉरंट उघडलं. हवं तेव्हा या, हव्या त्या टेबलावर बसा, हवं ते मागवा, वेगळे पैसे द्या. समुद्रावर हे प्रथमच घडत होतं. आज क्रूझच्या जाहिरातीत 'कधीही, कुठेही जेवा' असं लिहिलेलं असतं, त्याचं मूळ इथे आहे.

पण या झगमगाटाचे पैसे यायचे कुठून? बऱ्याच अंशी खालच्या डेकवरून. १८५० ते १९३९ या काळात पन्नास लाखांवर माणसं हॅम्बुर्गमार्गे देश सोडून गेली. पूर्व युरोपातले गरीब शेतकरी, छळाला कंटाळलेले ज्यू, सगळे याच कंपन्यांच्या बोटींच्या पोटात बसून अमेरिकेला जात. पूर्वी त्यांना अंथरूण-भांडी स्वतःची आणावी लागत आणि जेवण मोठ्या भांड्यातून वाढलं जाई. एकाच बोटीवर वर रिट्झ, खाली बादली! १८९२ मध्ये हॅम्बुर्गात कॉलऱ्याने आठ हजारांहून जास्त माणसं मेली, तेव्हा ठपका याच स्थलांतरितांवर ठेवला गेला. त्यानंतर बालिनने फेडेल बेटावर त्यांच्यासाठी वसाहत बांधली. ती १९०१ मध्ये सुरू झाली. तिथे झोपायच्या खोल्या, दवाखाना, प्रार्थनागृहं होती, आणि भोजनगृहं होती दोन. एक सगळ्यांसाठी, दुसरं ज्यूंसाठी, जिथे कोशर स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होई. बालिन स्वतः ज्यू होता. 'आपलं अन्न आपल्या पद्धतीने मिळेल ना?' हा घर सोडून निघालेल्या माणसाचा प्रश्न त्याला नीट कळला होता. आज त्या जागी 'बालिनश्टाट' संग्रहालय आहे. २००७ मध्ये ते उघडलं. मुलांना घेऊन जरूर जा.

या गोष्टीचा शेवट मात्र गोड नाही. पहिल्या महायुद्धाने बालिनचं सगळं स्वप्न मोडलं. ९ नोव्हेंबर १९१८, कैसरने गादी सोडली तो दिवस. त्याच दिवशी झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने बालिन गेला. कंपनीने एका बोटीला त्याचं नाव दिलं होतं, ते नाझींनी १९३५ मध्ये पुसून 'हान्सा' केलं. आणि १३ मे १९३९ रोजी हापागचीच 'सेंट लुईस' ९३७ प्रवासी घेऊन हॅम्बुर्गहून हवानाला निघाली. जवळजवळ सगळे जर्मनीतून निसटू पाहणारे ज्यू. कॅप्टन गुस्ताव श्रोडरने कर्मचाऱ्यांना ताकीद दिली होती, की हे आपले पाहुणे आहेत, त्यांना तसंच वागवायचं. जमिनीवर त्यांना हॉटेलात कुणी उभं करत नव्हतं, इथे पांढऱ्या चादरीच्या टेबलावर वाढलं जात होतं. शुक्रवारच्या प्रार्थनेसाठी भोजनगृहातली हिटलरची तसबीर उतरवू दिली गेली. पण क्यूबाने मोजक्या लोकांखेरीज कुणाला उतरू दिलं नाही, अमेरिकेनेही नाही. बोट युरोपला परतली. त्यातले २५४ जण पुढे नाझींच्या तावडीत सापडून मेले. काही दिवसांसाठी त्यांना पंगतीत बसवून घेणारं कुणी भेटलं होतं, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, यात आपली माणसं कुठे? आपली माणसं होती, पण भटारखान्यात आणि इंजिनाजवळ. पी अँड ओच्या बोटींवर वाढपी आणि आचारी बहुधा गोव्याचे असत. मुंबईत धोबीतलावच्या आसपास त्यांच्या गावागावांच्या 'कुडी' होत्या. दोन सफरींच्या मधले दिवस ते तिथे काढत. डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी असत. त्यांचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, आणि त्यांचा स्वयंपाक करणारा तो भंडारी. ब्रेमेनच्या हान्सा कंपनीच्या मालवाहू बोटींवरही हिंदी खलाशी होते. म्हणजे आपल्यापैकी कुणी विद्यापीठात शिकायला जर्मनीत येण्याच्या आधी कोकणातली माणसं इथल्या बंदरांत येऊन गेली असणार. आपल्या इतिहासात आनंदीबाई येतात, बर्लिनला डॉक्टरेट करणाऱ्या इरावतीबाई कर्वे येतात, आणि यायलाच हव्यात. पण हा भंडारी कुठे येत नाही.

आमच्या क्रूझवर आम्हाला वाढणारा मुलगा गुहागरजवळच्या गावचा निघाला. पहिल्याच रात्री आईने बाबांना "वरण फारच अळणी आहे हो" म्हटलं आणि मागून आवाज आला, "काकू, मीठ आणू का?" मग काय विचारता! दुसऱ्या दिवसापासून यादीत नसलेला हिरव्या मिरचीचा ठेचा आमच्या टेबलावर येऊ लागला. सात महिन्यांचं कंत्राट, घरी वर्षाची मुलगी, जी त्याने फोनवरच जास्त पाहिली होती.

तिसऱ्या रात्री समुद्र शांत होता. जेवण उरकल्यावर आईने एक गोष्ट सांगितली, जी मी पंचेचाळीस वर्षांत ऐकली नव्हती. तिच्या आजोबांचे धाकटे भाऊ वाईहून कापड रंगवण्याचं शास्त्र शिकायला जर्मनीला आले होते. परत गेल्यावर प्रायश्चित्त वगैरे सगळं झालं. पण पुढे घरातल्याच एका लग्नात त्यांचं पान पंगतीच्या टोकाला, हातभर अंतर सोडून मांडलं गेलं. ते काही बोलले नाहीत. मुकाट्याने जेवले, उठले, आणि त्यानंतर आयुष्यात कुठल्याही पंगतीला बसले नाहीत. घरीसुद्धा सगळ्यांचं झाल्यावर एकटे जेवत. "आम्ही मुली त्यांना वाढायला जायचो," आई म्हणाली, "आणि आम्हाला वाटायचं, आजोबांना एकटं जेवायला आवडतं."

एवढ्यात तो मुलगा टेबल आवरायला आला. आई त्याला म्हणाली, "बाळा, तू जेवलास का? बस ना दोन मिनिटं, आमच्याबरोबर काहीतरी खा." तो हसला. "नाही काकू, आम्हाला पाहुण्यांबरोबर बसायला परवानगी नाही. आमचं जेवण खाली असतं." आई काही बोलली नाही. हातातला चमचा मात्र तिने खाली ठेवला.

शेवटच्या दिवशी कीलला उतरताना तिने मेतकुटाची आणि चटणीची न फोडलेली पाकिटं त्याच्या हातात दिली. "खाली सगळ्यांबरोबर खा," म्हणाली. "एकटा नको जेवूस."