कायदा आणि क्रीडांगण

शासनाचा कायदा कागदावर उतरतो तेव्हा त्याचे फळ कोणाच्या पदरात पडणार, हे तो लिहिणाऱ्यांनाही ठाऊक नसते. २३ जून १९७२ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी शिक्षणविषयक दुरुस्ती कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील नवव्या प्रकरणाचे मुख्य कलम अवघ्या सदतीस इंग्रजी शब्दांचे होते. केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या शैक्षणिक उपक्रमात केवळ स्त्री वा पुरुष असल्याच्या कारणावरून कोणासही सहभाग नाकारता येणार नाही, हा त्याचा आशय. त्यात खेळाचा साधा उल्लेखही नव्हता. त्याच वर्षी, १७ मार्च रोजी, अलाबामा राज्यातील सेल्मा येथे एका वायुदल अधिकाऱ्याच्या घरी एक कन्या जन्मास आली होती. तिचे नाव मारिएल मार्गारेट हॅम. पुढे जगाने तिला मिया हॅम या नावाने ओळखले. कायदा आणि कन्या यांची वाढ बरोबरीने झाली आणि त्यांची भेट क्रीडांगणावर झाली.

ती भेट सहजासहजी घडली नाही. १९७१-७२ मध्ये अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या संघांतून सुमारे ३६ लाख मुलगे खेळत होते. मुलींची संख्या तीन लाखही भरत नव्हती. नव्या कायद्याचा आधार घेऊन विद्यापीठांकडे मैदान, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्ती यांची मागणी होऊ लागली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी कुरकुर झाली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ज्या विशिष्ट विभागास सरकारी पैसा मिळतो त्यापुरताच हा कायदा लागू पडतो. क्रीडाविभाग त्यामुळे जवळजवळ मोकळे सुटले. अखेर १९८८ मध्ये अमेरिकी संसदेने राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार बाजूस सारून कायद्याची मूळ व्याप्ती पुन्हा प्रस्थापित केली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, मिया हॅम चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात दाखल झाली.

जन्मतः तिचे एक पाऊल वाकडे होते आणि ते सरळ व्हावे म्हणून तिला लहानपणी खास पादत्राणे घालावी लागली. वडिलांच्या बदल्यांमुळे कुटुंब गावोगाव फिरले. इटलीतील फ्लॉरेन्स येथे असताना या घराला फुटबॉलचा लळा लागला. पुढे टेक्सासमध्ये दत्तक घेतलेला थोरला भाऊ गॅरेट याच्या पाठोपाठ ती मुलांच्या संघांतही खेळू लागली. ती चौदा वर्षांची असताना अ‍ॅन्सन डॉरन्स या प्रशिक्षकांनी तिचा खेळ पाहिला. १९८७ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती चीनविरुद्ध राष्ट्रीय संघातून मैदानावर उतरली.

हेच डॉरन्स चॅपेल हिलच्या महिला संघाचेही प्रशिक्षक होते. १९७९ पासून त्यांनी हा संघ घडविला होता. १९८२ मध्ये राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून विजेतेपद बहुधा याच संघाकडे राहिले होते. सरावातील प्रत्येक झटापटीची, प्रत्येक धावेची ते मोजदाद ठेवीत आणि खेळाडूंची क्रमवारी फलकावर लावीत. मुलींनी मैत्री राखूनही एकमेकींशी निकराने झुंजावे, हा त्यांचा आग्रह. मिया स्वभावाने अबोल व संकोची होती. आपणच श्रेष्ठ आहोत असे मोठ्याने म्हणण्यास तिचे मन धजत नसे. परंतु एके सकाळी डॉरन्स यांना ती मैदानात एकटीच घामाघूम होऊन धावताना दिसली. पाहणारे कोणी नसताना केलेल्या त्या श्रमांचे कौतुक त्यांनी चिठ्ठी लिहून तिला कळविले.

त्या श्रमांचे फळ आकड्यांत दिसते. १९८९, १९९०, १९९२ आणि १९९३ अशा चार हंगामांत ती विद्यापीठाकडून खेळली आणि चारही वेळा संघ राष्ट्रीय विजेता ठरला. मधल्या १९९१ च्या हंगामात तिने महाविद्यालयीन खेळातून रजा घेतली. त्या वर्षी चीनमध्ये महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली व अमेरिकेने नॉर्वेला २–१ असे नमवून ती जिंकली. विद्यापीठाकडून खेळलेल्या ९५ सामन्यांपैकी तिच्या संघाने फक्त एक गमावला. तिने १०३ गोल केले आणि ७२ गोलांना पास देऊन साहाय्य केले. १९९२ च्या हंगामातील तिचे आकडे विशेष बोलके आहेत: ३२ गोल आणि ३३ साहाय्ये. आघाडीच्या खेळाडूची कीर्ती गोलांवर ठरते. तरीही चेंडू स्वतः जाळ्यात मारण्यापेक्षा एका वेळेस अधिक तो तिने सहकारिणीच्या पायाशी नेऊन दिला. तिचा १९ क्रमांक विद्यापीठाने १९९४ मध्ये सन्मानपूर्वक निवृत्त केला.

पदवी हाती आली तेव्हा मात्र पुढे वाट नव्हती. कायद्याने विद्यापीठाचे दार उघडले होते. त्यापलीकडील बाजारपेठेवर त्याची सत्ता नव्हती. स्त्रियांसाठी व्यावसायिक फुटबॉलची राष्ट्रीय साखळी त्या वेळी अमेरिकेत अस्तित्वात नव्हती. राष्ट्रीय संघ हाच एक आधार उरला. १९९६ मध्ये ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात चीनवर २–१ असा विजय मिळाला, तेव्हा जॉर्जियातील मैदानावर ७६,४८९ प्रेक्षक होते. या आनंदास लवकरच गालबोट लागले. १९९७ मध्ये भाऊ गॅरेट अस्थिमज्जेच्या विकाराने मृत्यू पावला. १९९९ मध्ये तिने स्थापन केलेली संस्था अशा रुग्णांसाठी आणि खेळू इच्छिणाऱ्या मुलींसाठी कार्य करू लागली. त्याच वर्षी १० जुलै रोजी कॅलिफोर्नियातील रोझ बोल मैदानावर ९०,१८५ प्रेक्षकांसमोर अमेरिकेने पेनल्टी किकवर चीनला हरवून विश्वचषक पुन्हा जिंकला. या लोकप्रियतेच्या बळावर २००१ मध्ये व्यावसायिक साखळी सुरू झाली खरी, परंतु पैशाअभावी २००३ मध्ये ती बंद पडली. २००४ मध्ये अथेन्सचे सुवर्णपदक मिळवून हॅमने निवृत्ती पत्करली. तिचे १५८ आंतरराष्ट्रीय गोल हा उच्चांक २०१३ पर्यंत अबाधित राहिला.

या कारकीर्दीचे श्रेय कायद्याला द्यावे की व्यक्तीला? एकट्या कायद्याने कोणी खेळाडू होत नाही. पहाटेची ती धाव कोणत्याही कलमात लिहिलेली नव्हती. पण मैदान, प्रशिक्षक आणि प्रतिस्पर्धी संघच नसते, तर त्या धावेला कोठे पोहोचावयाचे हे ठिकाणच उरले नसते. मियाच्या आईच्या पिढीतही असे गुण असलेल्या मुली असतीलच. त्यांच्या गोलांची नोंद करणारी वहीच कोणी उघडली नाही. २०१८-१९ मध्ये अमेरिकी माध्यमिक शाळांतून खेळणाऱ्या मुलींची संख्या ३४ लाखांवर गेली होती. त्यांतील फारच थोड्या मिया हॅम होतील. उरलेल्या मुलींनाही आपण किती वेगाने धावू शकतो हे अजमावण्याची संधी मिळाली, आणि सदतीस शब्दांच्या त्या कलमाचे खरे कार्य हेच होय.