स्किझोफ्रेनिया : रुग्णालयाच्या दाराबाहेरची शुश्रूषा

शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालय धारावीला अगदी लागून आहे. खुद्द धारावीतही या रुग्णालयाचे नागरी आरोग्य केंद्र असून रहिवासी त्याला 'छोटा सायन' म्हणतात. दिवस मोडून एसटीने डॉक्टर गाठण्याची वेळ येथील रुग्णावर येत नाही. मात्र स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचा खरा प्रश्न अनेकदा गोळ्या घेऊन तो घरी परतल्यावरच सुरू होतो.

स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, हा आजार बहुधा ऐन तारुण्यात उद्भवतो. एका देहात दोन व्यक्ती, हा चित्रपटांनी रुजवलेला समज साफ चुकीचा आहे. नसलेले आवाज ऐकू येणे, आप्तांविषयी घोर संशय वाटणे ही ठळक लक्षणे औषधांनी पुष्कळ आटोक्यात येतात. पण आंघोळ, बोलणे, घराबाहेर पडणे यांतली इच्छाच आटणे हेही लक्षणच असते आणि त्यावर औषधांचा प्रभाव कमी पडतो. घरचे त्याला आळस म्हणतात.

ही उणीव वस्तीतील प्रशिक्षित कार्यकर्ते भरून काढू शकतील का, याची पद्धतशीर चाचणी सातारा, गोवा आणि तामिळनाडूतील कांचीपुरम परिसरात झाली. डॉ. सुदिप्तो चटर्जी, डॉ. विक्रम पटेल, साताऱ्याच्या 'परिवर्तन' संस्थेचे डॉ. हमीद दाभोलकर आदी तज्ज्ञ तीत सहभागी होते. २००९ व २०१० या दोन वर्षांत २८२ रुग्ण निवडण्यात आले. रुग्णालयीन उपचार सर्वांनाच मिळाले. त्यांपैकी १८७ जणांकडे त्याखेरीज कार्यकर्तेही जात. हे कार्यकर्ते डॉक्टर वा परिचारिका नव्हते. प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे होती.

अशा कार्यकर्त्याला शिकवायचे काय? ऐकू येणाऱ्या आवाजांवरून रुग्णाशी वाद घालायचा नाही आणि त्यांना दुजोराही द्यायचा नाही, हा पहिला धडा. गोळ्या बंद केल्या असतील तर रागावण्याऐवजी कारण विचारायचे. सुस्ती, वाढलेले वजन, हातांचा कंप यांपैकी काहीतरी निघते आणि ते डॉक्टरांपर्यंत पोहोचवता येते. झोप उडणे, संशय वाढणे अशा पूर्वखुणा ओळखायच्या. आत्महत्येच्या विचारांविषयी थेट विचारायला बिचकायचे नाही. दुकानातून दूध आणणे, बसने एक फेरी करणे अशा कामांतून दिनक्रम पुन्हा उभा करायचा. घरातील सततची टीका आणि टोचणी आजार उलटण्यास हातभार लावते, हे जॉर्ज ब्राऊन यांच्या लंडनमधील संशोधनापासून ज्ञात आहे. म्हणून कुटुंबाशी बोलणे अटळ. अर्थात दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण राहत असताना 'त्याला थोडा एकांत द्या' असे सांगणे ही थट्टाच. तेथे दुपारी तास-दोन तास बसण्याची दुसरी जागा शोधणे, हे जास्त उपयोगी.

चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभराने कार्यकर्त्यांची जोड मिळालेल्या गटात दैनंदिन जीवनातील अक्षमता अधिक घटली. लक्षणांतील फरक मात्र निर्णायक नव्हता. सर्वांत स्पष्ट लाभ तामिळनाडूच्या ग्रामीण भागात दिसला. सातारा आणि गोव्यात तेवढा नाही. खर्चही वाढला.

शीव-धारावीसारख्या भागासाठी यातला बोध उत्साहाला आवर घालणारा असला तरी मोलाचा आहे. रुग्णालय हाकेच्या अंतरावर असताना रुग्णाला तेथवर नेऊन सोडणारा कार्यकर्ता फार भर घालणार नाही. त्याचे प्रशिक्षण दिनक्रम, रोजगार आणि कुटुंब यांवरच केंद्रित हवे. शिवाय मानसोपचारतज्ज्ञाची नियमित देखरेख हवी.

२९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने वस्तीपातळीवरील पुनर्वसन सेवांची तरतूद ही शासनाची जबाबदारी ठरवली आहे. महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका घरोघरी फिरतात, तेव्हा हे काम त्यांच्याकडेच सोपवावे, असे कोणालाही सुचेल. पण लसीकरण, क्षयरोग, गरोदर मातांच्या नोंदी ही कामे त्यांच्यामागे आधीच आहेत. त्यांतले काही कमी न करता हे नवे काम दिले, तर तेही नोंदवहीतल्या आणखी एका रकान्यापुरतेच उरेल.