मोठ्या चाकांचा वाद: निपाणीच्या गाडीवाटेपासून चोर्ला घाटापर्यंत

चाकोरी हा शब्द हल्ली आपण 'चाकोरीबाहेरचा विचार' एवढ्यापुरताच वापरतो. मूळ अर्थ अगदी साधा. बैलगाड्यांची चाके वर्षानुवर्षे एकाच जागेवरून गेली की मातीत दोन खोल रेघा पडतात, ती चाकोरी. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या जमिनीत पावसाळा सरला की या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या टणक होतात. चाक त्या मापाचे नसले की गाडी, बैल आणि गाडीवान अशा तिघांचेही हाल. म्हणून या मुलखात चाक केवढे असावे हा प्रश्न मोटारगाडी येण्याच्या फार आधीचा आहे.

हे आठवायचे कारण वेगळे. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरताना अलीकडे जुन्या मारुती ८००, झेन, क्वचित एखादी फियाट अशी दिसते, की तिला मूळच्यापेक्षा मोठी चाके चढवलेली आहेत. आपल्याकडे म्हापसा-फोंड्यातही हे लोण आहेच. यावर दोन तट पडलेले. एक म्हणतो, गाडी उंच झाली, खड्ड्यात आपटत नाही, दिसतेही रुबाबदार. दुसरा म्हणतो, कंपनीच्या इंजिनियरांना काय कळत नव्हते? दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण चाकाचा इतिहास कोणी काढत नाही. तो काढावा म्हणून हा लेख.

लाकडी गाडीचे चाक चार-पाच फूट उंचीचे असे. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांवर लाकडी पाटे आणि त्यावर लोखंडी धाव. लोहार धाव तापवून लाल करी, ती चाकावर चढवी आणि लगेच पाणी ओतले जाई. लोखंड आकसून सगळे चाक असे आवळून धरी की खिळ्याची गरज पडू नये. आता चाक एवढे मोठे कशासाठी? खड्ड्याच्या कडेवर लहान चाक अडकते, मोठे चाक त्यावरून चढून जाते. चिखलात बैलांना ओढ कमी लागते. म्हणजे मोठे चाक ही हौस नव्हती, ती वाटेची गरज होती. पण चाक वाढवले की आस, जू, गाडीचा तोल सगळे त्या हिशेबाने बदलावे लागे. चाक उंच आणि बैल ठेंगणे अशी गाडी पुढून बैलांच्या मानेवर तरी बसते नाहीतर मागे कलंडते. नुसते चाक बदलून गाडी सुधारते असे कोणताही सुतार म्हणाला नसता.

बेळगावचा चाकाशी दुसरा संबंध सायकलीचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. १८८८ साली त्यांनी व त्यांच्या भावाने बेळगावात सायकलींचे दुकान काढले. (किर्लोस्करवाडी फार नंतरची, १९१० ची. तिच्या आधीचा लोखंडी नांगरही बेळगावचाच.) गंमत अशी की त्याच १८८८ साली जॉन बॉईड डनलॉपने हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले. त्याआधीची सायकल आठवा. पुढचे चाक माणसाच्या छातीला लागेल एवढे आणि मागचे बशीएवढे! पायडल थेट पुढच्या चाकाला, म्हणून वेग हवा तर चाक मोठे करायचे, हाच तेव्हाचा उपाय. परिणामी स्वार तोंडावर आपटायचा. १८८५ च्या सुमारास साखळीची 'रोव्हर' आली, डनलॉपने हवेचा टायर दिला, आणि दहा-बारा वर्षांत ते उंच चाक अडगळीत गेले. म्हणजे उंच चाकाने जे साधायचे होते, ते साखळी आणि हवा यांनी लहान चाकावर साधले.

हाच प्रकार पुढे बैलगाडीचा झाला. लाकडी चाकाच्या जागी रबरी टायरची 'डनलॉप गाडी' आली. कंपनी कुठलीही असो, नाव डनलॉपच. चाक कितीतरी ठेंगणे झाले आणि तरीही गाडी जास्त ओझे वाहू लागली, कारण रबर दबते, धक्का गिळते आणि जमिनीवर रुंद बसते. लोखंडी धावेने डांबरी रस्ते उकरले जात, तो त्रासही वाचला. तंबाखूची बोदे असोत की कारखान्याकडे निघालेला ऊस, सीमाभागात ही गाडी रुळली. अनेकदा तिला ट्रकचा काढून टाकलेला टायरच असतो.

सरकारनेही हा फरक कागदावर मान्य केला. जनावरांकडून ओढून घेण्याच्या ओझ्याबद्दलचे १९६५ चे केंद्रीय नियम पाहा. दोन चाकी गाडीला, एका मोठ्या बैलामागे, साध्या चाकावर ९०० किलो, हवेच्या टायरवर १,३५० किलो आणि बॉल बेअरिंग असेल तर १,८०० किलो. बैल तोच, रस्ता तोच, चाक बदलले की मर्यादा बदलली. मला हा नियम फार आवडतो. माझा जन्म सरकारी नियम वाचण्यात चालला आहे, त्यातला हा एक असा की लिहिणाऱ्याने गाडीखाली वाकून पाहिले असावे असे वाटते. अर्थात उसाच्या हंगामात ही मर्यादा किती पाळली जाते ते त्या बैलांनाच विचारा.

मोटारीच्या सुरुवातीलाही चाके मोठीच होती. फोर्डची मॉडेल टी (१९०८ ते १९२७) तीस इंच व्यासाच्या अरुंद टायरवर उभी असे, कारण अमेरिकेतले खेड्यांचे रस्ते आपल्यासारखेच चिखलाचे होते. दोन चाकांमधले अंतर ५६ इंच ठेवले होते, तिथल्या घोडागाड्यांच्या चाकोरीला जुळावे म्हणून. आपल्याकडची जीप सोळा इंची रिमवर, अँबॅसॅडर पंधरावर, फियाट चौदावर. रस्ते सुधारत गेले तशी चाके लहान होत गेली आणि मारुती ८०० बारा इंचांवर आली.

आता वादाकडे येऊ. मारुती ८०० चा नेहमीचा टायर १४५/७० आर १२. याचा बाहेरचा व्यास निघतो सुमारे ५०८ मिलिमीटर. त्या जागी कोणी १६५/६५ आर १३ चढवला तर व्यास होतो ५४५. वाढ सात टक्क्यांची. गाडी उंच किती झाली? व्यास ३७ मिलिमीटर वाढला, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्म्याने, म्हणजे १८ मिलिमीटर. जेमतेम बोटाची रुंदी! एवढ्यासाठी द्यावे काय लागते ते पाहा. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी खरी ६४ ने धावत असते. ७९६ सीसीच्या इंजिनाची ओढ चाकाशी सात टक्के कमी होते. ब्रेक तोच, पण आता त्याला लांब तरफेविरुद्ध धरायचे, म्हणून तोही तितकाच कमी पडतो. पाच माणसे, डिकीत बेळगावची भाजी आणि पुढे चोर्ल्याचा उतार, तिथे हे सात टक्के कागदावरचे राहत नाहीत. सत्तरी-डिचोलीतली कितीतरी घरे दवाखान्यासाठी बेळगाव गाठतात, आणि त्यातल्या अनेकांकडे दुसरी गाडी नसते, हे विसरू नये.

चाक आत घासते म्हणून काहीजण मध्ये लोखंडी चकती, म्हणजे स्पेसर घालतात. तो तर आसाशी सरळ वैर घेण्याचा प्रकार. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्री आणि लेथची कमी नाही, हवी ती चकती कातून मिळते. पण मिळते म्हणून बसवावी असे नाही. रिम एक इंच मोठी आणि टायरची भिंत तेवढी ठेंगणी, असा बाहेरचा व्यास जवळजवळ तोच ठेवणाऱ्याशी माझे भांडण नाही. त्याने निदान सुताराचा हिशेब केला आहे. भांडण आहे ते नुसते चाक वाढवून बाकीचे देवावर सोडणाऱ्याशी.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापासून नोंदणीचा तपशील वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितले. राज्याची हद्द ओलांडली म्हणून यातून सुटका नाही, कायदा केंद्राचा आहे. निपाणीची केए-२३ असो, कोल्हापूरची एमएच-०९ असो की आपली जीए. मात्र शेताच्या बांधावरून दूध आणणाऱ्याची जीप आणि शहरात मिरवणारी गाडी यांना तो एकाच मापाने मोजतो, हे मला पटत नाही. १९६५ च्या नियमाने बैलगाडीला दाखवलेली समज इथे दिसत नाही.

आणि जुन्या गाडीला पंधरा वर्षांनी पुन्हा तपासणीला उभे राहावेच लागते. नव्याने नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले. त्या दिवसासाठी मोठी चाके लावणारे बहुतेकजण मूळची बारा इंची चाके माळ्यावर जपून ठेवतात. आदल्या दिवशी ती खाली उतरतात, गाडीला चढतात, तपासणी होते, आणि संध्याकाळी पुन्हा माळ्यावर जातात.