हिंगणघाटी बनी आणि स्थिरतेचे कूळ

वाणाच्या उत्पादनाची स्थिरता मोजण्याचे सूत्र १९६६ साली एबरहार्ट आणि रसेल यांनी मांडले, असे कृषी विद्यापीठात शिकवतात. ते खरेच. पण वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न त्याच्या शंभर वर्षे आधीचा आहे. जिल्ह्यातली हिंगणघाटची बनी कपाशी तेव्हा लांब धाग्यासाठी नावाजलेली होती. कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक तिचे गोडवे गात; तिचे बी खानदेशातही पोचले. तरीही तिला हटवले ते जरी नावाच्या आखूड धाग्याच्या मिसळीने. साहेबांनी याला शेतकऱ्याची लबाडी ठरवले. माझ्या मते तो हिशेब होता. कोरडवाहू रानात पावसाने दडी मारली की पाते गळते. पण मिसळीतली लवकर येणारी झाडे तोवर बोंडे धरून बसलेली असतात आणि उशिराची पुढच्या पावसावर नवे पाते धरतात. एका जातीचे नुकसान दुसरी थोडेफार भरून काढते.

यावर कोणी म्हणेल, हा सगळा रुईच्या उताऱ्याचा, म्हणजे कापसातून किती रुई निघते याचा, खेळ होता. पुढे खुद्द शेतकी खात्याने उचलून धरलेल्या रोझियम या मिसळीतल्याच जातीचा उतारा चाळीस टक्क्यांच्या घरात होता, बनीचा बराच कमी. आक्षेप निम्मा बरोबर आहे. पण उतारा मिळायला आधी बोंड हाती लागावे लागते. सूत्रही तेच तपासते, फक्त एकेका वाणापुरते: त्या त्या ठिकाणची सर्व वाणांची सरासरी हा तिथला निर्देशांक, त्यावर वाणाची रेषा, उतार एकच्या जवळ, विचलन शून्याजवळ आणि सरासरी उंच. उतार एकपेक्षा कमी असेल तर वाण बरड जमिनीत तग धरतो, भारी काळीत मात्र मागे पडतो. नुसती स्थिरता कोणाला हवी आहे? दरवर्षी सारखेच कमी पिकणे हीही स्थिरताच.

सूत्राची खरी अडचण वेगळी आहे. चाचणीची दोन-तीन वर्षे हीच सगळी परिस्थिती असे ते धरून चालते. २००२ साली बीटी कापूस आला, उत्पादन वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बोंडअळी काही निर्देशांकात बसून राहिली नाही. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने दोन जनुकांच्या बीटीलाही दाद दिली नाही, आणि लांबलेल्या हंगामाने तिला आयते बोंड पुरवले. म्हणून नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आता कमी कालावधीचे वाण दाट लावायला सांगते, ओळींत ९० आणि झाडांत १५ सेंटीमीटर अंतर ठेवून: हलक्या जमिनीतली ओल संपायच्या आणि अळी वाढायच्या आत वेचणी उरकावी, एवढाच त्यामागचा हिशेब.