मर्यादा, इशारा आणि मानवी निर्णय : तापमान व विद्युतदाब संवेदकांच्या इशारा-यंत्रणेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

यंत्राने आपल्या बिघाडाची वर्दी आपणच द्यावी, ही कल्पना संगणकयुगापेक्षा बरीच जुनी आहे. १८०३ साली इंग्लंडमधील ग्रिनिच येथे एका बाष्पयंत्राचा बॉयलर फुटला. त्यानंतर रिचर्ड ट्रेव्हिथिक याने बॉयलरमध्ये शिशाची खुंटी बसविण्याची युक्ती योजली. पाणी कमी होऊन पत्रा तापला की शिसे वितळे आणि वाफ मोठ्या आवाजाने बाहेर पडून कामगारास सावध करी. येथे मर्यादा निसर्गाने ठरविलेली होती. शिशाचा द्रवणांक कोणास बदलता येत नव्हता. विजेवर चालणारे संवेदक आल्यानंतर ही मर्यादा म्हणजे माणसाने निवडलेली एक संख्या झाली. ही संख्या कोण ठरवितो, ती ओलांडली गेल्यावर कोण ऐकतो आणि ऐकणारा जागेवर नसेल तर काय होते, या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात काही घटनांचा विचार केला आहे.

सवयीची झालेली मर्यादा

२८ मार्च १९७९ रोजी पहाटे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात घडला. दाब कमी करण्यासाठी उघडलेली झडप पुन्हा बंद झाली नाही आणि दोन तासांहून अधिक काळ तिच्यातून अणुभट्टीचे शीतक वाहून गेले. झडपेपुढील नळीवर तापमानाचा संवेदक होता. तापमान २०० अंश फॅरनहाइटपर्यंत गेले तर झडप उघडी आहे असे समजावे, अशी लेखी सूचनाही होती. प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक तापमान दिसत असूनही कर्मचाऱ्यांनी त्याला महत्त्व दिले नाही. कारण, किरकोळ गळतीमुळे ती नळी नेहमीच तापलेली असे. त्यातच पहिल्या काही मिनिटांत शंभरांहून अधिक इशारे एकाच वेळी वाजू लागले. सर्वच घंटा वाजत असताना महत्त्वाची घंटा कोणती, हे ओळखणे अशक्य होते.

हाच दोष २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात अधिक तीव्रतेने दिसून आला. स्फोटापूर्वीच्या सुमारे अकरा मिनिटांत दोन कर्मचाऱ्यांपुढे २७५ इशारे आले होते.

निरर्थक ठरलेली मर्यादा

भोपाळची दुर्घटना आपणा भारतीयांच्या स्मरणातून जाणारी नाही. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील मिथिल आयसोसायनेट हे रसायन शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवणे अभिप्रेत होते आणि तापमानवाढीचा इशारा ११ अंशांवर लावलेला होता. १९८४ मध्ये शीतयंत्रणा बंद करण्यात आली. परिणामी टाकीतील तापमान नेहमीच ११ अंशांच्या वर राहू लागले. जी मर्यादा कायमच ओलांडलेली असते, तिचा इशारा कोणतीही नवी माहिती देऊ शकत नाही. २ व ३ डिसेंबरच्या मध्यरात्री टाकीत पाणी शिरून रासायनिक क्रिया सुरू झाली, तेव्हा तापमानाचा इशारा उपयोगी पडण्यासारखी स्थितीच उरलेली नव्हती. खर्च वाचविण्याच्या निर्णयाने आधीच मुकी केलेली ही घंटा होती. त्याची किंमत हजारो निरपराध नागरिकांनी प्राण देऊन चुकविली.

जाळ्यावरील संवेदक

संगणकांच्या जाळ्यांसाठी १९८८ मध्ये एस.एन.एम.पी. ही व्यवस्थापन-पद्धती प्रसिद्ध झाली. दूरच्या उपकरणाने आपण होऊन संदेश पाठविण्याची सोय तिच्यात होती. १९९१ मधील आर.एमॉन या मानकाने इशाऱ्यासाठी दोन मर्यादा सुचविल्या : एक चढती, दुसरी उतरती. समजा, यंत्रकक्षाची चढती मर्यादा ३० अंश आणि उतरती २७ अंश ठेवली. तापमान ३० झाले की एक इशारा मिळतो. ते २९ आणि ३० यांच्यात हेलकावत राहिले तरी दुसरा इशारा मिळत नाही. २७ पर्यंत उतरल्यानंतरच यंत्रणा पुन्हा सज्ज होते. इशाऱ्यांच्या गर्दीवर हा साधा परंतु मूलगामी उपाय होता. डिसेंबर २००२ मध्ये तापमान, विद्युतदाब इत्यादी संवेदकांची मोजमापे एकाच स्वरूपात मांडणारे मानकही प्रसिद्ध झाले.

तथापि, एस.एन.एम.पी.च्या पहिल्या आवृत्तीतील इशारा-संदेशाला पोच नव्हती. संदेश वाटेत हरवला तर पाठविणाऱ्यास ते कळत नसे. पोच मागणारा संदेश दुसऱ्या आवृत्तीत आला.

मौन म्हणजे क्षेम नव्हे

या उणिवेचे गांभीर्य १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका व कॅनडाने अनुभवले. ओहायोतील एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातील इशारा देणारी संगणक-प्रणाली दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी निकामी झाली. पडद्यावर इशारा नाही, म्हणून सर्व ठीक आहे, असे कर्मचारी मानत राहिले. दरम्यान भाराने तापून लोंबलेल्या वाहिन्या झाडांना लागून एकामागून एक बंद पडल्या, विद्युतदाब ढासळला आणि दुपारी चारनंतर सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून चार गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मर्यादा नित्याच्या स्थितीहून वेगळी असावी आणि स्थिती बदलल्यास तिचा फेरविचार व्हावा. दुसरी, ज्यावर करण्यासारखी कृती नाही, असा इशारा लावू नये. तिसरी, चढत्या व उतरत्या मर्यादांत पुरेसे अंतर असावे. चौथी, इशारा देणारी यंत्रणा जिवंत आहे की नाही, याची खातरजमा स्वतंत्रपणे व नियमितपणे व्हावी.

आज महाविद्यालयांतील संगणक कक्ष, प्रयोगशाळांतील शीतकपाटे व विजेऱ्यांचे संच यांवर असे संवेदक सहज बसविता येतात. लसींसाठी २ ते ८ अंश ही मर्यादा तर दोन्ही बाजूंनी पाळावी लागते; गोठणेही तितकेच घातक असते. उपकरण विकत घेता येते. परंतु रात्री दोन वाजता इशारा आल्यास कोणी उठावयाचे, हे संस्थेलाच ठरवावे लागते. ते लेखी ठरलेले नसेल, तर बसविलेला संवेदक सुरक्षिततेचा केवळ आभास निर्माण करतो, हाच या इतिहासाचा बोध आहे.